अंडं बिघडतं ते शेवटच्या मिनिटात

सकाळच्या नाश्त्याला पोहे करायचे तर पोहे भिजवावे लागतात, कांदा चिरावा लागतो, दाणे तळावे लागतात. उपम्याला रवा भाजून घ्यावा लागतो. अंड्याला यातलं काही लागत नाही. फोडलं, फेटलं, तव्यावर घातलं की झालं, अशी आपली समजूत आहे आणि या सोपेपणामुळेच अंड्याकडे कुणी नीट लक्ष देत नाही. मग ऑम्लेट चामट होतं, भुर्जीला पाणी सुटतं, उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसते. दोष मात्र तव्याला, तेलाला किंवा अंडी शिळी निघाली म्हणून दुकानदाराला जातो. खरं तर या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं : अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलेलं असतं. अंडं शिजवण्याचं कौशल्य कृतीत आणि मसाल्यात थोडं असेल. त्याहून जास्त ते वेळेवर गॅस बंद करण्यात आहे.

हे समजायला अंड्याच्या पोटात काय आहे ते पाहावं लागतं. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि प्रथिनं साधारण १२ ते १३ टक्के. कच्च्या अंड्यात ही प्रथिनं गुंडाळी करून पाण्यात तरंगत असतात. उष्णता लागली की गुंडाळ्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांची जाळी तयार होते. या जाळीत पाणी अडकून राहतं, म्हणून नीट शिजलेलं अंडं घट्ट असूनही मऊ आणि रसरशीत लागतं. उष्णता पुढेही मिळत राहिली तर जाळी आवळत जाते आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर पिळून टाकते. भुर्जीखाली साचणारं पाणी आणि दाताखाली येणारा रबरी पांढरा भाग ही याचीच दोन रूपं. हे सगळं फार कमी तापमानात घडतं. पांढरा भाग ६२ अंश सेल्सियसच्या आसपास गोठू लागतो. बलक ६५ अंशांना दाटतो आणि ७० च्या सुमारास धरतो. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असलेलं ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांजवळ गोठतं आणि तिथे पांढरा भाग पक्का घट्ट होतो. म्हणजे अंड्याचा सारा खेळ ६० ते ८० अंशांत आटोपतो. याउलट उकळतं पाणी १०० अंशांवर असतं आणि मोठ्या आचेवरचा लोखंडी तवा सहज २०० च्या पुढे जातो. घरातली कुठलीही शेगडी अंड्याच्या मानाने फार गरमच. म्हणून तापमान हातात नसलेल्या स्वयंपाकघरात सांभाळायची ती आच आणि वेळ.

उकडलेल्या अंड्याचंच बघा. बऱ्याच घरांत अंडी बटाट्यांबरोबर कुकरमध्ये जातात आणि शिट्ट्या मोजून बाहेर येतात. कुकरच्या आत दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास पोचतं. बटाट्याला ते हवंच असतं, अंड्याला मात्र ते फार होतं. फार वेळ तापल्यावर पांढऱ्या भागातल्या गंधकयुक्त प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की बलकाच्या कडेला हिरवट रंग धरतो. ही कड अपायकारक नाही, पण अंडं कधीच शिजून झालं होतं याची ती पावती आहे. साधा उपाय असा, की पातेल्यात पाणी उकळून घ्यावं, चमच्याने अंडी अलगद सोडावीत आणि आच बारीक करावी. मध्यम आकाराच्या अंड्याला सहा मिनिटं दिली तर बलक वाहता राहतो, आठ मिनिटांत तो मऊसर होतो आणि दहा मिनिटांत पूर्ण धरतो, तरी भुसभुशीत होत नाही. मग ताबडतोब गार पाण्यात टाकायचं, कारण गॅस बंद झाला तरी कवचाच्या आतली उष्णता काम करतच राहते. उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याचं कवचही सहसा सुरळीत निघतं. अगदी ताज्या अंड्याचं मात्र पापुद्र्याला चिकटून येतं. अंडं जुनं होऊ लागलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि सोलायला सोपा जातो. म्हणून ताजी अंडी हाफ फ्रायसाठी ठेवावीत आणि आठवडाभराची उकडायला घ्यावीत. महाबळेश्वरसारख्या तेराशे मीटरहून उंच ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे मिनिट-दीड मिनिट जास्त द्यावं लागतं.

भुर्जीत हीच गोष्ट डोळ्यांसमोर घडते. कांदा आणि मिरची तेलात परतून झाली, टोमॅटो घातला, की तो पूर्ण आटेपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत थांबायला हवं; इथे घाई केली तर टोमॅटोचं पाणी पुढे अंड्यात उतरतं. हळद-तिखट घालून झालं की आच बारीक करायची आणि मीठ घालून फेटलेली अंडी ओतायची. पहिले काही क्षण हात आवरायचा. तळाशी पातळ थर धरला की कालथ्याने तो खरवडून वर घ्यायचा, पुन्हा थांबायचं, पुन्हा खरवडायचं. कालथा फिरवल्यावर मागे कच्चं अंडं वाहत आलं नाही, पण वरून अजून ओलसर चकाकी दिसते आहे, त्या क्षणी गॅस बंद. कोथिंबीर घालून होईपर्यंत कढईच्या उष्णतेवर उरलेलं काम होतं. पूर्ण कोरडी दिसेपर्यंत गॅसवर ठेवलेली भुर्जी ताटात येईपर्यंत दाणेदार आणि रुक्ष होते. पारशी घरांतली अकुरी याच घटकांची, तरी खाताना वेगळी वाटते, कारण ती आणखी आधी उतरवली जाते.

यावर पहिला आक्षेप वासाचा. अंडं कमी शिजलं तर त्याला वास येतो, म्हणून ते खरपूस करावं, असं अनेक घरांत मानलं जातं. कच्च्या अंड्याचा वास अनेकांना सोसत नाही हे खरंच. पण शिजलेल्या अंड्याचा जो उग्र वास डबा उघडताच येतो, तो मुख्यतः त्याच गंधकाच्या वायूचा असतो आणि अंडं जितकं जास्त तापेल, जितकं जुनं असेल, तितका तो वाढतो. म्हणजे वास घालवायचा म्हणून आपण अंडं तापवत राहतो आणि नेमका वासच वाढवतो. हळद, आलं-लसूण, मिरी यांनी वास झाकला जातो. जास्तीच्या आचेने ते साधत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आरोग्याचा. अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, मग ओलसर अंडं खाणं योग्य आहे का? अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत शिजवावेत अशी आहे. फेटलेलं अंडं साधारण ७३ अंशांना धरतं. त्यामुळे वाहणं थांबलेली, पण मऊ असलेली भुर्जी ही मर्यादा ओलांडून गेलेली असते. ओलसर म्हणजे कच्चं, हे समीकरण इथे लागू पडत नाही. वाहत्या बलकाचं हाफ फ्राय मात्र या हिशेबात बसत नाही, हे मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये २०१७ साली लायन शिक्क्याच्या अंड्यांपुरती गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनाही मऊ बलकाची मुभा देण्यात आली, ती तिथल्या कोंबड्यांच्या लसीकरणाच्या आणि तपासणीच्या भरवशावर. आपल्याकडे दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या ट्रेमधल्या सुट्या अंड्यांबद्दल तो भरवसा देता येत नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर बलक धरू द्यावा. पण बलक धरणं आणि बलकाचा भुगा होणं यांत बरंच अंतर आहे. दुसऱ्या टोकाला तालमीतली जुनी समजूत आहे, की कच्चं अंडं दुधात घालून प्यायलं तर ताकद येते. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचल्याचं आढळलं, कच्च्या अंड्यातली जेमतेम ५१ टक्के. अंडं शिजवायलाच हवं. वाद आहे तो कुठे थांबायचं याचा.

तिसरा आक्षेप गाडीवरच्या भुर्जीवाल्याचा दाखला देतो. तो तर भगभगत्या स्टोव्हवर काम करतो आणि त्याची भुर्जी घरच्यापेक्षा चविष्ट लागते. पण त्याचे हात बघितले तर उत्तर तिथेच आहे. अंडी कोरड्या तव्यावर न पडता कांदा-टोमॅटोच्या ओल्या मसाल्यावर पडतात, कालथा क्षणभर थांबत नाही आणि गिऱ्हाइकाची प्लेट चटकन भरली जाते. मोठी आच त्याला परवडते, कारण कधी उतरवायचं हे रोजच्या सरावाने त्याच्या हाताला कळलेलं असतं. ऑम्लेटच्या खरपूस चवीबद्दलही असंच. पृष्ठभागावरचं पाणी उडून तापमान १४० अंशांच्या पुढे गेलं की तपकिरी रंग आणि भाजका स्वाद येतो, आणि तो आवडणं यात गैर काहीच नाही. मात्र त्यासाठी ऑम्लेट दोन्ही बाजूंनी भाजण्याची गरज नसते. तव्याकडची एक बाजू लालसर होऊ द्यावी, वरची जेमतेम धरली की दुमडावं.

सकाळी इतका वेळ कुणाला आहे, असंही कुणी म्हणेल. पण बारीक आचेवरच्या भुर्जीला मोठ्या आचेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, आणि अंडी उकडताना तर घड्याळ लावून चहा टाकता येतो. या सवयीला नवं भांडं, महागडं तेल किंवा वेगळी अंडी लागत नाहीत, उलट गॅस थोडा वाचतोच. झालं असं पूर्ण वाटायच्या किंचित आधी गॅस बंद करायचा, एवढा एकच नियम उकडलेल्या अंड्यालाही लागतो, भुर्जीलाही आणि ऑम्लेटलाही.