थळचे दोन समतोल

अलिबागच्या उत्तरेला थळ. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी, आणि किनाऱ्यावर राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अवाढव्य कारखाना. इथे युरिया होतो हे सगळ्या रायगडाला ठाऊक आहे. शेजारीच १९८७ पासून जड पाण्याचाही कारखाना चालतो, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. रासायनिक समतोल समजून घ्यायला या जोडीइतकी चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

युरियासाठी आधी अमोनिया लागतो. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात. पण झालेला अमोनिया त्याच वेळी मोडतही असतो. घडण्याचा आणि मोडण्याचा वेग सारखा झाला की मिश्रणातलं प्रमाण बदलेनासं होतं. हाच समतोल. पुढे काही घडत नाही असं वरून वाटतं, आणि विद्यार्थी नेमके इथेच अडतात. आठवडे बाजारात गर्दी दुपारभर तेवढीच दिसते, माणसं मात्र बदलत असतात.

हा समतोल किती कंजूष असू शकतो, ते फ्रिट्झ हाबरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजलं. हजार अंश सेल्सियसच्या आसपास, साध्या दाबाला, मिश्रणात अमोनिया निघाला शेकडा ०.००५ ते ०.०१२. वॉल्टर नर्न्स्टच्या उष्णतेच्या सिद्धांताशी हा आकडा जुळेना. १९०७ साली हॅम्बुर्गच्या सभेत नर्न्स्टने त्यावर जाहीर टीका केली. हाबरला ती फार लागली. रॉबर्ट ल रॉसिन्योलला हाताशी धरून त्याने दाब वाढवून मोजमापं नव्याने केली. एवढ्याशा आकड्यावरचं भांडण पुढे जगाच्या शेतीपर्यंत पोहोचलं, कारण दाबाचं महत्त्व त्यातूनच हाबरच्या हाताला लागलं. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाबाखाली समतोल अमोनियाकडे झुकतो. जुलै १९०९ मध्ये कार्लस्रूहमध्ये त्याच्या उपकरणातून द्रव अमोनिया ठिबकू लागला.

तापमानाचा पेच मात्र सुटत नाही. अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणून थंडीत समतोल अमोनियाच्या बाजूने असतो. पण थंडीत ती इतकी रेंगाळते की समतोलापर्यंत पोहोचतच नाही. दोनशे वातावरणांच्या दाबाला ४०० अंशांवर समतोलात अमोनिया शेकडा ३५ ते ४० असतो, ५०० अंशांवर जेमतेम १८. लोखंडाचा उत्प्रेरक वेग वाढवतो, पण दोन्ही दिशांचा सारखाच, त्यामुळे समतोल जागचा हलत नाही. मग कारखाने समतोलाची वाट बघत बसत नाहीत. बाहेर पडलेला वायू थंड करून त्यातला अमोनिया द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा उत्प्रेरकावर सोडतात. उत्पादन सतत काढून घेतलं की मोडायला फारसं काही उरतच नाही. मला हा उपाय उच्च दाबाच्या पोलादी भट्टीइतकाच मोठा वाटतो.

शेजारच्या कारखान्याला अमोनियाचं प्रमाण वाढवायचं नसतं. त्याला हवा असतो ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. निसर्गात साधारण साडेसहा ते सात हजार हायड्रोजन अणूंमागे तो एक सापडतो. खताच्या कारखान्यातून येणाऱ्या वायूचा इथे द्रव अमोनियाशी संपर्क घडवतात. वायूतले आणि अमोनियातले हायड्रोजन अणू एकमेकांच्या जागा घेत राहतात. रेणूंची संख्या बदलत नाही, तरी अदलाबदल अखंड चालू. समतोल थांबलेला नसतो, याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

या अदलाबदलीत ड्युटेरियमचा कल अमोनियाकडे असतो. जड अणूची कंपनं मंद असतात, आणि हायड्रोजनच्या रेणूपेक्षा अमोनियाच्या रेणूत राहिल्याने ऊर्जेची थोडी बचत होते. सामान्य तापमानाला अमोनियातलं त्याचं प्रमाण वायूतल्यापेक्षा साडेतीन पटींच्या आसपास भरतं, थंडीत आणखी वाढतं. म्हणून हे काम थंड मनोऱ्यांत चालतं. तिथे वेग टिकवायला अमोनियात पोटॅशियम अमाइड विरघळवतात. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड लागताच ते निकामी होतं, त्यामुळे वायू आधी काटेकोरपणे शुद्ध करावा लागतो. एकदा संपर्क आला म्हणून भागत नाही. तीच देवाणघेवाण पायरीपायरीने घडवावी लागते, तेव्हा कुठे ड्युटेरियम साठत जातो.

त्याचं शेवटी जड पाणी होतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसारख्या भट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते लागतं. ड्युटेरियम देऊन झालेला वायू मात्र पुन्हा खताच्या कारखान्यात परततो, आणि त्याच नायट्रोजन-हायड्रोजनपासून तिथे अमोनिया तयार होतो.