थापट्या आला म्हणून नदी सुधारली नाही

दिवाळी सरली की पुण्याच्या पूर्वेला, लोणी काळभोरच्या अलीकडे, कवडीपाटच्या जुन्या बंधाऱ्यावर रविवार सकाळची कॅमेऱ्यांची गर्दी सुरू होते. मुळा-मुठा इथवर येते ती सगळे शहर पोटात घेऊन. बंधाऱ्याखाली फेस तरंगत असतो, खडकांत पिशव्या अडकलेल्या असतात आणि वास असा की नाकाला रुमाल लावावा. त्याच पाण्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडून आलेले चक्रवाक, थापट्या नि चक्रांग बदके निवांत चरत असतात. या छायाचित्रांवर दोन शेरे ठरलेले. एक, एवढ्या लांबचे पाहुणे येतात म्हणजे नदी अजून बरी आहे. दुसरा, बिचाऱ्यांना दुसरी जागाच उरली नाही. दोन्ही शेरे पक्ष्याला न विचारता मारलेले आहेत. पक्षी तिथे येतो तो अन्नासाठी आणि पायाला, चोचीला झेपेल एवढ्या खोलीच्या पाण्यासाठी. नदीच्या तब्येतीचा दाखला द्यायला तो आलेला नसतो.

पावसाळा संपून खडकवासला धरणाचा विसर्ग थांबला की शहरातून वाहणाऱ्या पाण्यात मोठा वाटा सांडपाण्याचा असतो. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, म्हणून शेवाळ माजते, सूक्ष्म जीव वाढतात. तळच्या काळ्या गाळात प्राणवायू जवळपास नसतो. तिथे मासे तगत नाहीत, पण डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या तगतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. शेकाट्या उंच गुलाबी पायांवर उभा राहून त्या वेचतो. थापट्याच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडेला चाळणी असते. पाणी गाळून तो त्यातले सूक्ष्म अन्न खातो. म्हणजे आपण बिघडवलेले पाणी या दोघांच्या पथ्यावर पडते. ही गोष्ट नवी नाही. पुण्याचे पर्यावरण-अभ्यासक प्रकाश गोळे यांनी याच नदीच्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ साली लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रदूषित नदीचे पक्षी असा उल्लेख होता. चाळीस वर्षांनंतरही आपण पाणपक्ष्यांची गर्दी पाहून हरखतो, हे जरा नवलाचेच.

म्हणून हिवाळ्यात नदीवर किती पक्षी दिसले, यापेक्षा कोणते दिसले आणि कोणते दिसायला हवे होते, हा प्रश्न मोलाचा आहे. नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालून सूर मारतो तो मासा दिसला तरच, आणि अंडी घालतो उघड्या वाळूच्या बेटांवर. कवड्या खंड्यालाही मासाच लागतो. हिमालयाकडून उतरणारा करडा धोबी खडकांवरून खळाळणारे पाणी पसंत करतो. हे पक्षी विरळ आणि शेकाटे शेकड्यांनी, अशी यादी असेल तर ती समृद्धीची यादी नव्हे. इथे एक सावधगिरी हवी. हातात मोबाइल आणि ई-बर्डसारखी पक्षिनोंदींची सोय आल्यापासून नोंद करणारेच वाढले आहेत, त्यामुळे जातींची संख्या वाढलेली दिसणे साहजिक आहे. दहा जोडी डोळ्यांची आजची यादी दोन जोडी डोळ्यांच्या जुन्या यादीशेजारी ठेवून पक्षी वाढले असे म्हणता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग नदी स्वच्छ झाली तर हे पक्षी जातील, आणि पक्षिमित्रांना काय घाणच हवी आहे का? आक्षेपात तथ्य आहे. पाणी शुद्ध झाले तर शेकाट्यांची आणि थापट्यांची गर्दी कमी होऊ शकते, आणि ती होऊ द्यावी. मात्र पक्ष्यांना घाण लागत नाही, उथळपणा लागतो. चिमणीएवढा टिलवा चिखलाच्या ओल्या काठावरच चरतो. चक्रांग शेपटी वर करून जेमतेम मान पोचेल तेवढ्याच पाण्यातले खातो. खोल पाण्यात बुडी मारणारा पाणकावळा मात्र सगळीकडे निभावतो. ओला चिखल, घोटाभर पाणी, गुडघाभर पाणी, मधे एखादे बेट, काठाला लव्हाळे असा उतरता काठ असेल, तर स्वच्छ पाण्यातही पक्ष्यांची विविधता टिकते. खरा धोका पाणी सुधारण्यात नसून काठ सरळ करण्यात आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाची योजना केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केली. त्यात अकरा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प होते. मार्च २०२२ मध्ये ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेचे भूमिपूजन झाले. पहिली योजना पाण्याची, दुसरी काठाची. बोलताना दोन्ही 'नदीसुधार' या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात आणि घोळ तिथेच होतो. बारा महिने एकाच पातळीला अडवलेले, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेले पाणी कितीही निर्मळ असले तरी टिलव्याला त्यात पाय टेकायला जागा नाही.

शहराला पूर येतो, लोकांना काठावर फिरायला जागा हवी, जलपर्णी आणि डासांनी येरवडा-मुंढव्याचे रहिवासी हैराण असतात, हेही खरेच. नदी पक्ष्यांसाठी राखीव ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण फिरायची वाट वरच्या पायरीवर नेऊन खालचा ओला काठ मोकळा सोडता येतो, आणि कल्याणीनगरजवळचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखले जाणारे झाडोऱ्याचे पट्टे आहेत तसे ठेवता येतात. पुरालाही पसरायला अशीच मोकळी जागा लागते.

आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते. त्या दिवसांत आपापल्या नदीवर, तळ्यावर जरूर जा. थापट्यांचे फोटो काढा, पण यादीत नदी सुरयासमोर शून्य असेल तर तेही लिहा, आणि ती यादी महापालिकेकडे पोचवा.