सुकतीला उघडा पडणारा चिखल पडीक नाही

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं, तितकंच खाली उतरतं. जुवारीच्या तोंडाशी हा फरक साधारण २ मीटरचा. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की तो कमी होतो. भरतीची वेळ रोज दोन घटका, म्हणजे जवळजवळ ५० मिनिटं पुढे सरकते. हे गणित आपल्या घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. तिसऱ्या, खुबे काढायला कधी उतरायचं ते त्यावरच ठरतं.

सुकती लागली की दोन-तीन तास चिखल-रेती मोकळी होते. पायाने चाचपायचं, हाताने उकरायचं, टोपली भरायची. होडी नको, डिझेल नको, बर्फ नको. समुद्र खवळलेला असो की इंजिन दुरुस्तीला पडलेलं असो, चूल पेटते. उरलेलं बाजारात जातं आणि ते पैसे थेट बाईच्या हातात येतात. बोटीच्या हिशेबाच्या वहीत मात्र ही कमाई कुठेच दिसत नाही.

ट्रॉलरवाले म्हणतील, आमचा काय संबंध? संबंध आहे. बाहेरच्या पाण्यात सापडणाऱ्या कितीतरी सुंगटांचं बालपण खाडीत जातं. अंडी समुद्रात पडतात, बारीक पिल्लं भरतीबरोबर आत येतात, उथळ चिखलात आणि खारफुटीच्या मुळांशी वाढतात, मग परत बाहेर जातात. शेवटे तर चिखलावरचं शेवाळच खातात. खाडी बुजली तर जाळ्यात काय येणार?

चिखलीच्या खाडीत चपटे, पारदर्शक शिंपले आहेत. जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी त्यांचीच कवचं बसवलेली दिसतात. आज हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, म्हणून तो काढू नये.

कायदा चिखलाच्याही बाजूने आहे. २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांत जिवंत चिखलपट्टे सर्वात कडक संरक्षणाच्या भागात, सीआरझेड १-अ मध्ये धरले आहेत. पण नकाशावर जागा दाखवलेली नसेल तर कायदा तिथे पोचत नाही. भराव घालणाऱ्याला ती रिकामी, पडीक जमीनच दिसते. २०२१ मध्ये किनारा आराखड्यावर जनसुनावण्या झाल्या, तेव्हा आपल्या वापराच्या जागा नकाशावर नाहीत अशी तक्रार गावागावांतून झाली होती.

म्हणून सभासदांना आमची विनंती:

– येत्या उधाणाच्या सुकतीला आपल्या वाड्यासमोरच्या चिखलाचे फोटो काढा. तारीख-वेळ लिहा. तिथे कोण काय काढतं, जागेला गावात काय नाव आहे, ते आईला, आजीला विचारून टिपून ठेवा. जागेची नावं त्यांनाच ठाऊक असतात.

– बोटमालकांनो, इंजिनाचं जळकं ऑईल खाडीत ओतू नका. तिसरी पाणी गाळून खाते, पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात उतरतं आणि आपल्याच ताटात येतं. सांडपाण्याच्या नाल्याजवळच्या तिसऱ्या काढूच नका.

– बारीक तिसऱ्या तिथेच सोडा. पुढच्या हंगामाचं बी तेच.

टिपणं, फोटो सोसायटीत आणून द्या. एकत्र करून ग्रामसभेत ठेवू. उद्या कोणी भरावाचा ट्रक घेऊन आला, तर दाखवायला आपल्या हातात कागद हवा.