वेडेवाकडे दात : तार केव्हा लावावी?

मुलाचे दात पुढे आले किंवा वेडेवाकडे उगवले की घरात एकच उत्तर असते, 'दहावी होऊ दे, मग बघू.' मुलगी असेल तर हे 'मग' स्थळे येऊ लागेपर्यंत लांबते. भोसरी-चाकणला पाळीची नोकरी करणाऱ्या पालकांना दरमहा दवाखान्याची फेरी जड जाते, हे खरे. परंतु जबड्याची वाढ कोणासाठी थांबत नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते आणि दुधाचे दात पडू लागतात. बारा-तेराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून 28 कायमचे दात येतात. म्हणूनच सातव्या वर्षी एकदा दात-जबड्याची ठेवण तपासून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांत फट दिसते. ती बहुधा सुळे उतरले की आपोआप मिटते. तेथे घाई करून पैसे घालवू नयेत.

काही दोषांना मात्र थांबणे परवडत नाही. खालचे दात वरच्या दातांपुढे येत असतील, किंवा वरचा जबडा अरुंद असल्याने दाढा उलट्या बसत असतील, तर सात ते दहा या वयात उपचार सोपा जातो. टाळूच्या मधला सांधा तेव्हा घट्ट झालेला नसतो, त्यामुळे जबडा रुंद करता येतो. अंगठा चोखण्याची सवयही याच सुमारास मोडावी. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर 'दुधाचीच होती' म्हणून सोडू नये. शेजारची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा अडवते. जागा राखणारे छोटे साधन बसवून हे टळते.

नेहमीची तार बहुतेकांना अकरा ते तेराच्या दरम्यान लागते. मुलींची वाढ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी होते. म्हणजे जिला आपण लग्नापर्यंत थांबवतो, तिचीच वेळ आधी निघून जाते. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या भरातच त्याला पुढे आणण्याचा प्रयत्न करता येतो. वाढ संपल्यावर दात सरकतात, पण हाडाचा मोठा दोष शस्त्रक्रियेवाचून सुधारत नाही. हिरड्या निरोगी असतील तर तिशी-चाळिशीतही तार लावता येते. ज्यांचे राहून गेले, त्यांनी निराश होऊ नये.

उपचाराला साधारण दीड-दोन वर्षे लागतात. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयांत खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी सांगितली तितके दिवस वापरावी. मुले ती डब्यात विसरतात आणि दात पुन्हा सरकू लागतात.