एक रेघ काढून दाखव!

ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "(०,०) पासून (५,२) पर्यंत रेघ काढ. कागदावर." जर्नल कम्प्लीट, प्रोग्राम तोंडपाठ, आणि मी गप्प! त्या दिवशी कळलं की मला ग्राफिक्स येतच नव्हतं.

मित्रांनो, स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. टर्बो सी च्या व्हीजीए मोडमध्ये ६४० बाय ४८० ठिपके, रंग फक्त १६. दोन ठिपक्यांच्या मधे रंग भरता येत नाही. मग तिरकी रेघ काढायची कशी? वरच्या रेघेत एक्स एकाने वाढला की वाय ०.४ ने वाढतो. डीडीए पद्धत हे ०.४ मिळवत जाते आणि राउंड ऑफ करते. सोपं आहे, पण दर पावलाला दशांशाची कटकट.

ब्रेसनहॅम १९६२ मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरसाठी काम करत होता. त्याने दशांश टाळले. डीएक्स ५, डीवाय २. पी = २×२ − ५ = −१. पी निगेटिव्ह असेल तर वाय तोच ठेवा आणि पी मध्ये ४ मिळवा. नसेल तर वाय एकाने वाढवा आणि पी मधून ६ वजा करा. एक्स दर वेळी वाढतोच. पी ची किंमत −१, ३, −३, १, −५ अशी फिरते आणि ठिपके येतात (०,०), (१,०), (२,१), (३,१), (४,२), (५,२). नुसती बेरीज-वजाबाकी! चौकटीच्या वहीत एकदा करून बघाच. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडपेक्षा मला त्या एका पानाने जास्त शिकवलं. (चढ १ पेक्षा जास्त असेल तर एक्स आणि वाय यांची अदलाबदल करायची, हे विसरू नका.)

आता मशीनवर. 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' असा एरर आला तर घाबरू नका, आधी बीजीआय फोल्डरचा पाथ बघा. स्मॉल लेटर्समध्ये एकच बॅकस्लॅश दिला, की सी च्या दृष्टीने बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब आणि बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस. ड्रायव्हरची फाइल सापडणार कशी? बॅकस्लॅश डबल द्यायचा. यात माझे दोन प्रॅक्टिकल वाया गेले.

टर्बो सी आज बहुतेक वेळा डॉसबॉक्समध्ये चालवावं लागतं, म्हणून रेघ आणि वर्तुळ समजलं की सरळ ओपनजीएलकडे वळा. फक्त एक लक्षात ठेवा. टर्बो सी मध्ये वाय खाली वाढतो, ओपनजीएलमध्ये वर. मी जुनेच आकडे टाकले, तर माझं घर कौलं खाली करून लटकत होतं!