खुरपणी म्हणजे व्यायाम का? एका वेगळ्या विद्याशाखेची ओळख

बारावी झालेली नात घरात म्हणाली, "मला व्यायामशास्त्र शिकायचंय," तर आजीचा प्रश्न ठरलेला: "अगं, व्यायाम शिकायला कॉलेजात कशाला जायचं? उद्यापासून माझ्याबरोबर खुरपायला चल की!" घरातले सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतातले कष्ट आणि व्यायाम ही एकच गोष्ट आहे का, हा या शास्त्रातला एक मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा आपल्या घरातल्या माणसांच्या कमरेशी, हृदयाशी, एवढेच काय पण पोटातल्या बाळाशीही संबंध आहे.

शारीरिक शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिट्टी, कवायत आणि पंधरा ऑगस्टचे संचलन येते. विद्यापीठातला अभ्यास त्याहून बराच खोल असतो. शरीराची रचना आणि क्रिया, आहार, मनाचा अभ्यास आणि संख्याशास्त्र हे सारे त्यात येते. (खेळायला मिळेल म्हणून आलेली मुले संख्याशास्त्रालाच जास्त घाबरतात!) प्रयोगशाळेत पळण्याच्या पट्ट्यावर माणूस धावत असताना तो किती प्राणवायू वापरतो हे मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो असे धरले जाते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला २१० मिलिलिटर. कोणते काम याच्या किती पट प्राणवायू मागते, यावरून ते हलके की जड हे ठरवतात. जिथे यंत्र नाही तिथे साधी पायरीही चालते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वीस इंच उंचीच्या पायरीवर मिनिटाला तीस वेळा, अशी पाच मिनिटे चढ-उतार करायला लावून नंतर नाडी किती लवकर खाली येते ते मोजत. आजही विद्यार्थी ही चाचणी शिकतात.

हाडे आणि स्नायूंचे यंत्रशास्त्र हा तर आपल्याला सर्वांत जवळचा विषय. पहारीने दगड उलथवताना पहार जितकी लांब तितका जोर जास्त लागू पडतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कमरेचे गणितही तेच आहे, फक्त उलट्या बाजूने. खताचे पोते अंगाशी धरून उचलले तर कंबर थोडक्यात सुटते. तेच हात लांब करून उचलले, की पोते कमरेपासून जितके दूर तितका त्याचा ताण वाढतो. अंतर दुप्पट झाले तर त्या पोत्याने कमरेवर येणारा पीळही दुप्पट.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र दिवसातून पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. शहराच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे एकतीस हजार पुरुषांची माहिती तपासली आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता. हालचालीने हृदय सांभाळले जाते हे आकड्यांनिशी दाखवणारा हा गाजलेला अभ्यास. पण मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी या कामगारांच्या गणवेशाची मापे काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटींचा कमरेचा घेर मुळातच मोठा निघाला! मग बसून काम केल्याने आजार वाढला, की मुळात जाड असलेली माणसेच ड्रायव्हर झाली? स्वतःच्याच निष्कर्षावर अशी शंका घ्यायला शिकणे, हेही या अभ्यासक्रमातले मोठे शिक्षण आहे असे मला वाटते.

आजीची बाजू इथवर भक्कम दिसते. कष्ट करा, हृदय ठणठणीत. पण पुढे डेन्मार्कमध्ये आणि इतरत्र असे दिसून आले, की फुरसतीच्या वेळात चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसांचे हृदय चांगले राहते, पण पोटापाण्यासाठी दिवसभर जड काम करणाऱ्यांना तसा लाभ मिळताना दिसत नाही, उलट कित्येकदा अपायच दिसतो. गरिबी, तंबाखू, अपुरे अन्न यांचा यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तरी एक कारण सहज पटते. व्यायामात भार थोडा थोडा वाढवतात आणि मध्ये विश्रांती देतात. त्या विश्रांतीतच स्नायू भरून निघतो. खुरपणीत तसे नाही. चार-चार तास उकिडवे बसायचे, तोच हात, तोच गुडघा. हृदयाची गती म्हणावी तशी वाढतच नाही, आणि थकल्यावर थांबण्याची मुभाही नाही. उद्या पुन्हा तेच.

ही गोष्ट आपल्याच मातीत फार स्पष्ट दिसली. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमध्ये १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. याच अभ्यासात डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठशे बायकांना त्यांच्या दिवसभराच्या कामाबद्दल विचारले. शेतातले काम किती, पाणी किती आणता, घरकाम किती? २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांच्यावर कामाचा बोजा अधिक, त्यांच्या बाळांचे वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर सरासरीने कमी.

आता अशा बाईला कोणी सांगितले, "ताई, रोज अर्धा तास व्यायाम करा," तर ती हंडा खाली न ठेवता निघून जाईल, आणि तिचे बरोबरच असेल. तिला हवा आहे घराजवळ नळ आणि सासूबाईंनी दुपारी "जरा पड गं" म्हणणे. व्यायामशास्त्राच्या जोडीला शिकवला जाणारा 'आरोग्यसंवर्धन' हा विषय नेमका इथे सुरू होतो. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा शहरी जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत एक सनद मंजूर झाली. नुसता उपदेश करून आरोग्य येत नाही, माणूस जिथे राहतो आणि राबतो ती परिस्थिती बदलावी लागते, असा तिचा आशय होता. तेव्हा पाण्याची खेप कमी करणे हेही आरोग्यसंवर्धनच.

याच गावात दुसऱ्या टोकाची माणसेही आहेत. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी मोटारीने, आणि पानाच्या टपरीपर्यंतही मोटारसायकलने! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ मधुमेही आढळले. अशा दादांना मात्र चालायलाच लावले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवला आहे. एकाच घरात सुनेचे कष्ट कमी करायचे आणि सासऱ्यांचे वाढवायचे, हे ओळखण्यासाठी शिकलेले माणूस लागते.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय घडते ते क्ष-किरण आणि इतर उपकरणांनी तपासायला घेतले. पुण्याच्या बालेवाडीत क्रीडा विद्यापीठ उभारण्यासाठी राज्याने २०२० साली कायदा केला.

पोटाचा प्रश्न राहिला. तो आईवडिलांनी उघड विचारावा. शाळेत शिक्षक व्हायचे तर पदवीनंतर बी.पी.एड. लागते, आणि त्या जागा थोड्या, इच्छुक फार. शहरातल्या व्यायामशाळा आणि खेळाडूंचे संघ इथे काम मिळते, पण सुरुवातीचा पगार बेताचाच. हा पदवीधर म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. तो अभ्यासक्रम निराळा, आणि दुखण्यावर उपचार करण्याचा अधिकारही निराळा. मात्र एक काम गावाकडे वाट पाहत पडले आहे. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आपण पाहतो. भरती दोन महिन्यांवर आली की एकदम अंतर वाढवतात, नडगी दुखायला लागली की पट्टी बांधून पुन्हा पळतात, आणि कोणी सांगितले म्हणून कसली तरी पावडर घेतात. त्यांना शिकवणाराही बहुधा मागच्या वर्षी भरती हुकलेलाच. तिथे शिकलेला माणूस हवा, आणि मुलींच्या तुकडीसाठी शिकलेली मुलगी हवी.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहा; कुलूप लावलेली असली तर त्यावरून काय ते समजा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, बी.पी.एड. असेल तर त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का, वसतिगृहाचा खर्च वेगळा किती, आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज कुठे कामाला आहेत, हे कागदावर लिहून नेऊन विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळाले नाही, तर मैदानावर सराव करणाऱ्या मुलांना विचारा. ती खरे सांगतात.