यंत्राची बुद्धी आणि जामसंड्याचा वर्ग

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यातून दृक्श्राव्य पाठ उघडण्याची तजवीज केली, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती रूढ झाली, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे औदार्य मला त्या तंत्राहूनही मोलाचे वाटते.

आता त्यापुढची पायरी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. हे यंत्र अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय, याचा अदमास बांधून उत्तर रचते. म्हणूनच अपूर्णांकाचे एकच उदाहरण ते तीन काठिण्यपातळ्यांत क्षणार्धात मांडते, आणि म्हणूनच चुकीची गोष्टही ते निःशंकपणे सांगून जाते.

देवगड तालुक्यातील जामसंड्यासारख्या गावी, जेथे हापूसच्या बागा शाळेच्या परिसरातच आहेत, तेथे सातवीच्या मुलांनी मोहोरावरील तुडतुड्यांविषयी यंत्राला प्रश्न विचारावा, उत्तर वहीत उतरवावे, मग बागायतदाराकडे जाऊन त्यातील प्रत्येक विधान प्रत्यक्ष फांदीवर पडताळावे, आणि जेथे तफावत दिसेल तेथे तिचे कारण शोधावे, ही माझ्या मते विज्ञानाची खरी तालीम होय.

शिक्षण खात्याला विनंती एवढीच, की उपकरणांच्या खरेदीचा हुकूम काढण्यापूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आणि पावसाळ्यातील अखंड विजेची तरतूद करावी.